कुळवहिवाट समाप्तीची नोटीस

कुळवहिवाट समाप्तीची नोटीस म्हणजे शेतजमिनीच्या मालकाने आपल्या कुळास दिलेली, कुळवहिवाट संपुष्टात आणत असल्याची लेखी सूचना होय. पश्चिम महाराष्ट्रात या नोटिशीचे नियमन 'महाराष्ट्र कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, १९४८' या कायद्याने होते. हा कायदा 'कूळ कायदा' या नावाने ओळखला जातो. या कायद्यानुसार केवळ नोटीस दिल्याने मालकास जमिनीचा ताबा मिळत नाही. नोटिशीस कायद्यात सांगितलेले कारण असावे लागते, तिची मुदत संपावी लागते आणि त्यानंतर मामलेदाराचा (तहसीलदाराचा) आदेश मिळवावा लागतो.

पार्श्वभूमी

कूळ कायद्यापूर्वी बहुतेक कुळे मालकाच्या मर्जीवर जमीन कसत असत. मुंबई प्रांतात १९३९ च्या कुळवहिवाट कायद्याने प्रथमच 'संरक्षित कूळ' ही संकल्पना आणली. १ जानेवारी १९३८ पूर्वी सलग सहा वर्षे जमीन कसणाऱ्या कुळास तीत संरक्षण होते. हा कायदा मोडीत काढून त्याजागी आलेला १९४८ चा मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम २८ डिसेंबर १९४८ रोजी अमलात आला. २०१२ मध्ये त्याच्या नावातील 'मुंबई'ऐवजी 'महाराष्ट्र' हा शब्द घालण्यात आला. मराठवाड्यास १९५० चा हैदराबाद कायदा व विदर्भास १९५८ चा स्वतंत्र कायदा लागू आहे.

पुणे जिल्ह्यातील भोर तालुक्यातील उत्रोली व आसपासची गावे पंतसचिवांच्या भोर संस्थानात होती. हे संस्थान ८ मार्च १९४८ रोजी मुंबई प्रांतात विलीन झाले. त्यामुळे या गावांतील मालक व कूळ यांचे संबंध आज १९४८ च्या अधिनियमाखाली येतात, आणि ताब्याचा अर्ज भोरच्या तहसीलदाराकडे करावा लागतो.

कसुरीबद्दल नोटीस (कलम १४)

कलम १४ नुसार कुळाच्या पुढील कसुरींमुळे मालकास कुळवहिवाट संपविता येते :

• कोणत्याही महसुली वर्षाचा खंड ३१ मेपूर्वी न देणे
• जमिनीची नासधूस किंवा कायमची हानी होईल असे कृत्य करणे
• कायद्याविरुद्ध जमिनीची विभागणी करणे किंवा ती पोटकुळास देणे
• जमीन जातीने न कसणे
• जमिनीचा शेतीखेरीज अन्य कामासाठी वापर करणे

यासाठी मालकाने कुळास तीन महिन्यांची लेखी नोटीस देणे आवश्यक असते. कुळवहिवाट संपविण्याचा निर्णय आणि त्याचे कारण या दोन्ही गोष्टी नोटिशीत नमूद असाव्या लागतात. या मुदतीत कुळाने कसूर दूर केल्यास कुळवहिवाट संपत नाही. नोटिशीचा हेतू कुळास चूक सुधारण्याची संधी देणे हाही असल्याने, कारण न सांगणारी नोटीस या कलमाची अट पूर्ण करीत नाही.

खंड थकल्याच्या प्रकरणांत कलम २५ ची आणखी एक सवलत आहे. मालकाने ताब्यासाठी कार्यवाही सुरू केल्यावर मामलेदार कुळास थकबाकी व खर्च पंधरा दिवसांत भरण्यास सांगतो. ही रक्कम भरल्यास कुळवहिवाट समाप्त झाली नाही असे मानले जाते. मात्र तीन वर्षांचा खंड थकविणाऱ्या आणि मालकाने प्रत्येक कसुरीची सूचना दिलेल्या कुळास ही सवलत मिळत नाही.

जातीने कसण्यासाठी नोटीस (कलम ३१)

कुळाची काही चूक नसतानाही, स्वतः जमीन कसण्यासाठी किंवा बिगरशेती कामासाठी जमीन हवी असलेल्या मालकास कलम ३१ ने एकदाच संधी दिली होती. त्यासाठी कुळास ३१ डिसेंबर १९५६ पर्यंत नोटीस बजावणे आणि ३१ मार्च १९५७ पर्यंत मामलेदाराकडे अर्ज करणे आवश्यक होते. १ जानेवारी १९५२ पासून जमीन हक्कनोंदणीत मालकाच्या किंवा त्याच्या पूर्वजाच्या नावावर असणे ही त्यातील एक अट होती. कलम ३१-ब नुसार कुळाकडे खंडाने दिलेल्या जमिनीपैकी निम्म्याहून कमी क्षेत्र उरेल अशा रीतीने कुळवहिवाट संपविता येत नव्हती.

ताबा मिळाल्यावरही मालकावर बंधन राहते. एका वर्षाच्या आत नोटिशीत सांगितलेल्या कामासाठी जमिनीचा वापर न केल्यास, किंवा बारा वर्षांच्या आत तो वापर थांबविल्यास, कलम ३७ नुसार जमीन कुळास परत द्यावी लागते.

या मुदतींना मोठे महत्त्व होते, कारण १ एप्रिल १९५७ हा 'कृषक दिन' ठरविण्यात आला होता. त्या दिवशी कलम ३२ अन्वये जमीन जातीने कसणारे कूळ जमिनीचे खरेदीदार मानले गेले. त्यामुळे वेळेत नोटीस न देणाऱ्या बहुतेक मालकांचा जमीन परत मिळविण्याचा हक्क संपला व केवळ किंमत मिळण्याचा हक्क उरला. ही किंमत कलम ३२-ग नुसार शेतजमीन न्यायाधिकरण ठरविते. १९५६ च्या दुरुस्तीने आणलेल्या या तरतुदींची वैधता सर्वोच्च न्यायालयाने श्रीराम राम नारायण मेढी विरुद्ध मुंबई राज्य (१९५९) या खटल्यात मान्य केली.

विधवा, अज्ञान व अपंग मालक

मालक विधवा, अज्ञान किंवा शारीरिक वा मानसिक अपंगत्व असलेली व्यक्ती असल्यास नोटिशीची मुदत पुढे ढकलली जाते. अज्ञान व्यक्ती सज्ञान झाल्यापासून, विधवेचा हितसंबंध संपल्यापासून किंवा अपंगत्व दूर झाल्यापासून एक वर्षाच्या आत नोटीस व अर्ज करता येतो. तोपर्यंत कुळाचा खरेदीचा हक्कही स्थगित राहतो. कलम ३२-फ नुसार नंतर कुळास खरेदीचा इरादा मालकास व न्यायाधिकरणास कळवावा लागतो.

या तरतुदीमुळे अनेक कुळे अडचणीत आली, कारण विधवा मालकिणीचे निधन झाल्याचे किंवा तिचा हितसंबंध संपल्याचे कुळास नेहमी कळतेच असे नाही. वसंत गणपत पाडवे विरुद्ध अनंत महादेव सावंत (२०१९) या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने विधवेच्या वारसाने ही गोष्ट कुळास कळविणे आवश्यक असल्याचे ठरविले.

ताबा मिळविण्याची कार्यपद्धती

कलम २९ नुसार मामलेदाराच्या आदेशाशिवाय मालकास कुळाकडून जमिनीचा ताबा घेता येत नाही. ताब्याचा हक्क उत्पन्न झाल्यापासून दोन वर्षांच्या आत अर्ज करावा लागतो. मामलेदार चौकशी करून आदेश देतो. परस्पर ताबा घेणाऱ्याचे त्या जमिनीतील पीक जप्त होऊ शकते व त्यास दंडही होऊ शकतो. मामलेदाराच्या निर्णयाविरुद्ध जिल्हाधिकाऱ्याकडे अपील आणि त्यानंतर महाराष्ट्र महसूल न्यायाधिकरणाकडे पुनरीक्षण अर्ज करता येतो. एखादी व्यक्ती कूळ आहे किंवा नाही हा प्रश्नही मामलेदारच ठरवितो; दिवाणी न्यायालयास तो अधिकार नाही.

कुळाने स्वतःहून जमीन सोडणे याला 'राजीनामा' म्हणतात. तो लेखी असावा लागतो व मामलेदाराने त्याची खातरजमा करावी लागते. ही अट बंधनकारक असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने रामचंद्र केशव आडके विरुद्ध गोविंद जोती चावरे (१९७५) या खटल्यात स्पष्ट केले. दबावाखाली घेतलेल्या राजीनाम्यांपासून कुळाचे संरक्षण हा त्यामागील उद्देश आहे.

घरभाड्याच्या नोटिशीशी तुलना

घर, दुकान इत्यादी मिळकतींना कूळ कायदा लागू नसतो. वेगळा करार नसल्यास मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम १०६ नुसार महिनेवारी भाडेपट्टा पंधरा दिवसांच्या लेखी नोटिशीने संपतो. २००२ च्या दुरुस्तीनुसार ही मुदत नोटीस मिळाल्याच्या तारखेपासून मोजली जाते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ लागू असलेल्या क्षेत्रात मात्र केवळ अशा नोटिशीवर भाडेकरूस काढता येत नाही. भाडे थकल्यास मागणीची लेखी नोटीस देऊन नव्वद दिवस थांबावे लागते व नंतरच दावा दाखल करता येतो. अन्य कारणांसाठी कलम १६ मधील एखादे कारण न्यायालयात सिद्ध करावे लागते.

सद्यःस्थिती

कृषक दिनानंतर निर्माण झालेल्या कुळवहिवाटीतही कलम ३२-ओ नुसार जातीने जमीन कसणाऱ्या कुळास वहिवाट सुरू झाल्यापासून एका वर्षाच्या आत खरेदीचा हक्क बजावता येतो. शिवाय कलम ४ नुसार मालकाच्या कुटुंबातील नसलेली, मजुरीवर न राबणारी आणि ताबेगहाणदार नसलेली व्यक्ती दुसऱ्याची जमीन कायदेशीरपणे कसत असेल तर ती कूळ मानली जाते. त्यामुळे ग्रामीण भागात अनेक मालक जमीन खंडाने देताना लेखी करार टाळतात. अशा तोंडी व्यवहारांत वाद उद्भवल्यास सातबारा उताऱ्यातील पीकपाहणी व इतर हक्कांतील नोंदी, फेरफार, खंडाच्या पावत्या आणि बजावलेली नोटीस हेच प्रमुख पुरावे ठरतात.