एका विद्यार्थ्याचा प्रबंध



प्रबंध म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें चष्मा लावलेला, केंस पिकूं लागलेला एखादा विद्वान् उभा राहतो. आज मी ज्या प्रबंधाची हकीकत आपणांस सांगणार आहें, तो बी. ए.ची परीक्षा अद्याप न दिलेल्या एका एकवीस वर्षांच्या मुलानें लिहिला. आणि तो लिहितां यावा म्हणून ऐन उन्हाळ्यांत सुमारें हजार मैल पायपीट केली. मी स्वतः मॅट्रिकच्या पुढें शिकलों नाहीं. ऑनर्स, प्रबंध, मार्गदर्शक हें सारें मीं पुस्तकांतूनच जाणलें. परंतु उभा जन्म मुलांना इतिहास शिकविण्यांत गेल्यामुळें ही हकीकत मला फार जवळची वाटते.

ऑक्सफर्डच्या शिक्षणाची तऱ्हा निराळी. विद्यार्थ्यानें आठवड्याचा निबंध लिहून अध्यापकाच्या खोलींत जावें, तो मोठ्यानें वाचून दाखवावा, आणि अध्यापकानें त्याची उलटतपासणी करावी. अखेर ऑनर्सची लेखी परीक्षा. तिच्यावर वर्ग ठरावयाचा. विसाव्या शतकाच्या आरंभीं तेथील इतिहासशाखेनें एक नवी मुभा दिली. विद्यार्थ्याची इच्छा असेल तर निवडलेल्या खास विषयाला धरून त्यानें स्वतंत्र प्रबंधही सादर करावा. ही मुभा घेणारांत जीझस कॉलेजचा टॉमस एडवर्ड लॉरेन्स हा एक होता. पुढें ‘अरबस्तानचा लॉरेन्स’ म्हणून गाजला तोच हा. पण त्या गाजावाजाशीं आज आपणांस कर्तव्य नाहीं.

या मुलाला किल्ल्यांचें वेड होतें. 1906 ते 1908 या तीन वर्षांत सुट्टी लागली कीं सायकलवर बसून तो फ्रान्समधील जुने कोट पाहत हिंडे. त्याचा खास विषय होता क्रूसेडचीं धर्मयुद्धें. 1099 सालीं युरोपीय सरदारांनी जेरुसलेम घेतलें व पुढें सीरिया-पॅलेस्टाईनमध्यें जागोजाग बळकट किल्ले बांधले. आतां प्रश्न असा, कीं ही दुर्गविद्या कोणाची? चार्ल्स ओमान या इतिहासकारानें 1898 सालीं मध्ययुगीन युद्धकलेवर मोठा ग्रंथ लिहिला. त्याचें मत असें, कीं पाश्चात्य सरदार पूर्वेकडे गेले, बायझंटाईन साम्राज्याचे भक्कम तट पाहून थक्क झाले, आणि ती विद्या घेऊन घरीं परतले. लॉरेन्सला हें पटेना. फ्रान्समधील कोट पाहून त्याला वाटूं लागलें कीं गोष्ट उलट असावी. सरदारांनी आपली विद्या येतांना बरोबरच आणली असावी.

हे ओमानसाहेब 1905 पासून ऑक्सफर्डलाच इतिहासाचे प्राध्यापक होते, हें ध्यानांत घ्या. म्हणजे मुलगा ज्या विद्यापीठांत परीक्षेस बसणार, तेथील प्राध्यापकाच्याच मताविरुद्ध तो लिहावयास निघाला होता. मला येथें माझी एक गोष्ट आठवते. मुलांना घेऊन मी रायगडावर गेलों होतों. महादरवाजा दोन बुरुजांच्या आड असा दडविलेला आहे कीं जवळ जाईपर्यंत तो दिसत नाहीं. एका मुलानें विचारलें, “गुरुजी, ही युक्ति आपल्या लोकांना कोणी शिकविली?” मीं पाठ्यपुस्तकांतलें एक वाक्य त्याच्या तोंडावर फेकलें आणि पुढें चालूं लागलों. त्या प्रश्नाचें उत्तर मला येत नव्हतें. तसें मीं सांगितलें मात्र नाहीं.

लॉरेन्सला भेटलेले वडीलधारे माझ्याहून शहाणे होते. ॲश्मोलियन या पदार्थसंग्रहालयांतील चार्ल्स बेल यांनी त्याला सुचविलें, कीं फ्रान्समधील किल्ले पाहिलेस, आतां पूर्वेकडील किल्लेही पाहून ये. त्याच संग्रहालयाचे मुख्य डेव्हिड होगार्थ हे त्या मुलखांत हिंडलेले पुराणवस्तुसंशोधक. त्यांनी स्पष्ट बजावलें कीं उन्हाळा हा त्या प्रवासाचा काळ नव्हे, आणि युरोपीय माणूस तेथें पायीं फिरत नसतो. अरबस्तानाचे वृद्ध प्रवासी चार्ल्स डाउटी यांनीही पत्रानें हाच सल्ला दिला. पोरगा ऐकेना. मग मात्र कोणी त्याची वाट अडविली नाहीं. ऑक्सफर्डमध्यें राहणाऱ्या एका सीरियन पाद्र्यानें त्याला कामापुरती अरबी शिकविली. तुर्की अधिकाऱ्यांना दाखवावयाचीं शिफारसपत्रें विद्यापीठाचे कुलपति लॉर्ड कर्झन यांच्या वशिल्यानें मिळालीं. होय, तेच कर्झन! वंगभंगामुळें आपण त्यांना विसरूं शकत नाहीं. पण 1904 चा प्राचीन स्मारकांच्या संरक्षणाचा कायदाही त्यांच्याच कारकीर्दीतला.

1909 च्या जुलैच्या आरंभीं लॉरेन्स बैरूतला उतरला. आधीं दक्षिणेस गॅलिलीपर्यंत, मग किनाऱ्यानें परत, आणि नंतर उत्तरेस त्रिपोली, अंतुकिया, हलब व युफ्रेटिसपलीकडील उर्फा, असा तो चालला. सामान थोडें, एक कॅमेरा व एक पिस्तूल. रात्रीं खेडुतांच्या घरीं निजावें, ते देतील ती भाकरी आणि दहीं खावें. पन्नासेक किल्ल्यांपैकीं छत्तीस त्यानें डोळ्यांनी पाहिले. त्यांचे नकाशे काढले, छायाचित्रें घेतलीं.

क्राक दे शव्हालिये हा त्यांतला मुकुटमणि. ऑगस्टमध्यें, आपल्या एकविसाव्या वाढदिवसाच्या सुमारास, तो तेथें होता. एकांत एक असे दोन तट, आणि आंत जाण्यास वळणें घेत चढणारी छपराची वाट. आपल्याकडील दरवाजांची वळणें ज्यांनी पाहिलीं आहेत त्यांना त्या वाटेचा हेतु समजावून सांगावयास नको. सह्यून येथें त्याहून नवल. डोंगराची सोंड सबंध कातळांतून तोडून खंदक केलेला, आणि पुलाला टेकू म्हणून त्याच्या मधोमध कातळाचाच एक उंच सुळका तसाच उभा ठेविलेला.

शेवटीं शेवटीं दैव फिरलें. मलेरियानें त्याला पुनःपुन्हां गांठलें, कॅमेरा चोरीस गेला, आणि वाटेंत एकानें त्याला मारहाण करून लुटलें. या मारहाणीच्या हकीकती एकमेकींशीं जुळत नाहींत. रंगवून सांगण्याची त्याला थोडी हौस होती, असें माझें मत आहे. कॉलेजच्या मुख्यांना पत्र लिहून उशीराबद्दल क्षमा मागत तो ऑक्टोबरांत परतला, तेव्हां सत्र सुरू झालें होतें.

1910 सालीं त्यानें प्रबंध दिला व परीक्षाही दिली. पहिला वर्ग मिळाला. त्याचे अध्यापक रेजिनाल्ड लेन पूल यांनी आनंदानें परीक्षकांना मेजवानी दिली, असें सांगतात. शिष्याच्या प्रबंधासाठीं गुरूनें पंगत घालावी, ही गोष्ट मला त्या पहिल्या वर्गाहून मोठी वाटते. होगार्थ यांनी तर त्याला शिष्यवृत्ति मिळवून दिली आणि 1911 सालीं कार्केमिशच्या उत्खननावर आपल्याबरोबर नेलें.

मग मुलाचें म्हणणें बरोबर होतें काय? पुरतें नाहीं. पाश्चात्य सरदार कोऱ्या पाटीनें गेले नव्हते, हें त्यानें चांगलें दाखविलें. परंतु पूर्वेकडून त्यांनी जवळजवळ कांहींच घेतलें नाहीं, हा त्याचा आग्रह पुढील विद्वानांनी मान्य केला नाहीं. क्राकचा बाहेरचा तट बहुतांशीं तेराव्या शतकाचा. तोंपर्यंत दोन्ही बाजूंचे लोक शंभर वर्षें एकमेकांचे किल्ले पाहत, घेत आणि पाडत होते. बायबर्स सुलतानानें 1271 सालीं क्राक घेतला, त्यानंतर त्याच्या लोकांनीही त्यांत भर घातलीच. अशा ठिकाणीं कोणता दगड कोणाच्या विद्येचा, हें एका वाक्यांत सांगतां येत नाहीं. एकविसाव्या वर्षीं मात्र माणसाला एकच वाक्य हवें असतें.

लॉरेन्सनें हा प्रबंध आपल्या हयातींत छापला नाहीं. 1935 सालीं मोटारसायकलच्या अपघातानें तो वारला. 1936 सालीं ‘क्रूसेडर कॅसल्स’ या नांवानें प्रबंध व त्या प्रवासांतील पत्रें दोन भागांत निघालीं. 1988 सालीं डेनिस प्रिंगल या अभ्यासकानें नवी आवृत्ति काढली. तींत तळटीपा देऊन विद्यार्थ्याच्या चुका एकेक करून दाखविल्या आहेत. पण त्या चुका प्रथम दाखविणारा कोणी दुसराच होता. परीक्षा झाल्यावर लॉरेन्सनें स्वतःच आपली प्रत पुन्हां वाचली, आणि जेथें आपलें म्हणणें डळमळतें असें वाटलें, तेथें समासांत पेन्सिलीनें टिपणें केलीं. छापील पुस्तकांत तींही दिलेलीं आहेत.