कांड्या, कंदील आणि पुस्तक

मराठी वाचनालयांच्या इतिहासावर बरेच लिहिले गेले आहे. आमच्या बेळगावचे सार्वजनिक वाचनालय १८४८ सालचे. त्याच साली जोतीराव फुल्यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली. पुस्तके कुठे होती, हे अशा इतिहासातून कळते. ती वाचायला कष्टकऱ्याला वेळ कुठून मिळाला, हा प्रश्न मात्र विणकराच्या घरात वाढलेल्या माझ्यासारख्याला अधिक जवळचा वाटतो.

फुले दांपत्याने १८५५ साली शेतकरी-कामकऱ्यांसाठी शाळा काढली ती रात्रीची. दिवस कामाचा होता. शिकायला उरली ती रात्रच. मुंबईच्या गिरणी कामगारांना तर आठवड्याची हक्काची सुट्टीही नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून कामगारांना संघटित केले आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. हेच लोखंडे 'दीनबंधु'चे संपादक होते. कामगाराच्या हाती वर्तमानपत्र देणारा आणि ते वाचायला एक वार मिळवून देणारा माणूस एकच होता, हे मला फार अर्थपूर्ण वाटते. पुढे याच गिरणगावात गंगाराम सुर्वे या कामगाराने एक अनाथ मूल सांभाळले. चौथीपर्यंत शिकलेला, शाळेत शिपायाचे काम केलेला तो मुलगा म्हणजे कवी नारायण सुर्वे. त्यांचा पहिला संग्रह १९६२ साली निघाला.

परंतु ज्यांच्या घरातच माग होता, त्यांच्यापर्यंत हा रविवार पोहोचला नाही. १९८६ च्या बालकामगार कायद्यानेही घरच्या माणसांच्या मदतीने चालणारी कामे वगळलीच होती.

१९८० च्या सुमारास वडगावात आमच्या दोन खोल्यांच्या घरात दोन यंत्रमाग होते. सूत मालकाचे, मजुरी साडीवर. बाबा मागावर, आई आणि अक्का रहाटावर कांड्या भरायला. शाळेतून आलो की मीही त्यांच्यात. पुस्तक हाती दिसले की बाबा ओरडत नसत. धोट्यातली कांडी संपून माग थांबे, तेवढे पुरे होई.

शेजारच्या मित्राकडे कन्नड 'चंदामामा' येई, मला कुणीतरी जुने 'चांदोबा' दिले होते. गोष्टी त्याच, चित्रेही तीच. दोन्ही शेजारी ठेवून मी कन्नड वाचायला शिकलो आणि तो मराठी. आमच्या गल्लीत भाषेने कुणाचे वाचन अडवले नाही. अडवले ते कामाने.

खरे वाचन होई ते लाइट गेल्यावर. माग थांबत, घर एकदम शांत होई. कंदिलाच्या उजेडात अक्का कांड्या भरत राही आणि मी मोठ्याने वाचत असे. बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा, 'श्यामची आई', अण्णाभाऊंचा 'फकिरा'. शेजारची कन्नड आजी येऊन बसे. तिला मधूनमधून कन्नडमध्ये सांगावे लागे. लाइट लवकर येऊ नये असे मला मनातून वाटे. बाबा दारात उभे राहून खांबावरच्या दिव्याकडे बघत. माझ्या वाचनाचा तो तास त्यांच्या मजुरीतून कापला जाई, हे मला फार उशिरा उमगले.

वाचनालयाची अनामत भरायला पंधरा रुपये लागणार होते. ते अक्काने कांड्यांच्या पैशांतून दिले. नाव अर्थातच माझे लागले. त्याच वर्षी सातवीनंतर तिची शाळा सुटली. एका मुलाला हायस्कुलात पाठवायचे तर रहाटावर दुसरे कुणीतरी बसायला हवे होते. वाचताना मी ओळ गाळली की हात न थांबवता ती चूक दाखवी. दोघांत चांगली वाचक तीच होती, असे आज मी निःसंकोच सांगतो.

मुख्याध्यापक झाल्यावर मी वाचनाचा तास वेळापत्रकात, शाळेच्या वेळेतच ठेवला. "घरी वाचत जा," असे मी मुलांना सहसा सांगत नाही. घरी गेल्यावर काय काम असते, हे आधी विचारतो.

गेल्या वर्षी अक्काच्या नावाने वाचनालयाची वर्गणी भरली. नोंदवहीत तिने सावकाश सही केली आणि पहिले पुस्तक 'फकिरा' मागितले. त्या वेळी शेवटची पाने राहिली होती, लाइट आली म्हणून. शेवट मी तिला नुसता तोंडी सांगितला होता.