राणीच्या झग्यावरचे निळे बो आणि आपली मुंबई

गेला आठवडाभर घरात लग्नाची गडबड आहे आणि माझ्या वाट्याला काम आलंय रिबनचे बो करण्याचं. गाडीला, दाराला, आहेराच्या ताटांना, सगळीकडे बो. साटीनची रिबन घ्यायची, दोन फास करायचे, मध्ये चिमटीत धरून दोऱ्याने आवळायचं, टोकं तिरकी कापायची. माझे पहिले दहा बघून मावशी म्हणाली, "अरे, ही काय मेलेली फुलपाखरं?" असो. हात चालू होते तेव्हा डोक्यात आलं, हे बो लग्नात आले कुठून? शोधत गेलो आणि पोचलो थेट मुंबईच्या इतिहासात.

सतराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये नवरीच्या कपड्यांवर रिबनच्या गाठी लावायचे, त्याही कच्च्या टाक्याने. कारण त्या टिकायला नव्हत्याच. लग्न लागलं की पाहुणे त्यांवर तुटून पडायचे, ज्याच्या हाताला जे लागेल ते त्याचं. पुरुष त्या गाठी हॅटला लावून पुढे कितीतरी दिवस मिरवायचे. अशा गाठीला म्हणायचे 'फेव्हर'. गाठ म्हणजे जोडलेली मनं, हा अर्थ आपल्याला वेगळा सांगायला नको. आपल्याकडेही उपरण्याला शालूची गाठ मारतातच की. फक्त आपल्याकडे ती कोणी ओढून पळत नाही.

आता या. २१ मे १६६२, इंग्लंडमधलं पोर्ट्समथ बंदर. राजा दुसरा चार्ल्स आणि पोर्तुगालची राजकन्या कॅथरीन ऑफ ब्रॅगान्झा यांचं लग्न. ती कॅथलिक, तो प्रोटेस्टंट देशाचा राजा, म्हणून आधी बंद दाराआड कॅथलिक विधी आणि मग सगळ्यांसमोर इंग्लिश चर्चचा. तिच्या गुलाबी झग्यावर निळ्या रिबनच्या गाठी होत्या. विधी संपल्यावर सफोकच्या काउंटेसने त्या सोडवल्या, त्यांचे तुकडे केले आणि जमलेल्या मंडळींत वाटून टाकले. काही मिनिटांचा मामला. राणीच्या अंगावरचं सगळं निळं संपलं.

हीच ती कॅथरीन, जिच्या हुंड्यात मुंबई गेली. शाळेत आपण एका वाक्यात हे शिकलो, 'पोर्तुगीजांनी मुंबई हुंड्यात दिली', आणि पान उलटलं. मला त्या वाक्याचा खरं तर राग येतो. जणू एक डबा होता, या हातातून त्या हातात गेला. १६६१ च्या तहात मुंबई, टँजिअर आणि भलीमोठी रोख रक्कम लिहिलेली होती. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाकडून पोर्तुगीजांनी ही बेटं घेतली होती, ती आता तिसऱ्याच्या नावावर. तिथल्या कोळ्यांना, भंडाऱ्यांना दोन्ही वेळा कोण विचारणार!

आणि रिबनसारखी मुंबई पटकन सुटलीही नाही. सर अब्राहम शिपमन सुमारे चारशे सैनिक घेऊन १६६२ च्या सप्टेंबरात मुंबईला पोचला. गोव्याचा पोर्तुगीज व्हाइसरॉय म्हणाला, कागद बरोबर नाहीत, देत नाही. सुरतेतही थारा मिळेना. शेवटी ही माणसं कारवारजवळच्या अंजदीव बेटावर जाऊन बसली. (हे बेट आज गोव्यात मोडतं.) तिथे काय होतं? पाऊस, आजार आणि वाट बघणं. माणसं एकामागून एक मेली. १६६४ मध्ये शिपमनही गेला. १६६५ च्या फेब्रुवारीत त्याचा सेक्रेटरी हम्फ्री कुक याने अखेर मुंबईचा ताबा घेतला, तेव्हा त्या चारशेतले उरले होते शंभराच्या आसपास. साष्टी तर मिळालीच नाही, ती पोर्तुगीजांकडेच राहिली आणि पुढे चिमाजी अप्पांच्या मोहिमेत मराठ्यांनी घेतली.

गंमत बघा. लंडनचा प्रसिद्ध रोजनिशीकार सॅम्युअल पेप्स एका लग्नात नवरानवरीच्या रिबनी ओढण्याची मजा लिहितो आणि त्याच रोजनिशीत १६६३ मध्ये लिहितो की मुंबईच्या बाबतीत पोर्तुगीजांनी आपल्याला बनवलं. अंजदीववर मरणाऱ्यांना हे आधीच कळलं होतं.

राजालाही बेट परवडेना. १६६८ मध्ये त्याने ते ईस्ट इंडिया कंपनीला दिलं, वर्षाला दहा पौंड भाड्याने. दहा! कॅथरीनने मुंबई कधी पाहिली नाही. नवऱ्यानंतर काही वर्षांनी, १६९२ मध्ये, ती पोर्तुगालला परतली.

बो ओढण्याची पद्धतही हळूहळू मागे पडली. १८४० मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या लग्नात पाहुण्यांनी पांढऱ्या साटीनचे, संत्र्याची फुलं लावलेले बो छातीवर लावले होते. म्हणजे आता बो आधीच करून वाटायचे, नवरीचे कपडे शाबूत.

चला, माझे अजून तीस बो बाकी आहेत आणि मावशीने निळी रिबन आणून ठेवलीय.