मिश्र लायपोसार्कोमा

मिश्र लायपोसार्कोमा हे मेदपेशींशी साधर्म्य दाखवणाऱ्या मृदू ऊतींच्या एका दुर्मीळ कर्करोगाचे जुने नाव आहे. एकाच गाठीत लायपोसार्कोमाच्या दोन किंवा अधिक प्रकारांची लक्षणे आढळल्यास ते वापरले जाई. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१३ च्या वर्गीकरणातून हा प्रकार वगळण्यात आला.

सूक्ष्मदर्शकीय स्वरूप

अशी गाठ बहुधा प्रौढ वा वृद्ध व्यक्तींच्या उदरपोकळीमागील भागात आढळते. तिच्या काही भागांत पेशी सामान्य मेदपेशींसारख्या दिसतात. त्यांच्यामधील तंतुमय पट्ट्यांत मोठ्या, गडद केंद्रकांच्या पेशी विखुरलेल्या असतात. दुसऱ्या भागांत श्लेष्मल, जेलीसदृश द्रव्य व नाजूक रक्तवाहिन्यांचे जाळे असते. हे चित्र मिक्सॉइड लायपोसार्कोमाची आठवण करून देते. क्वचित बहुरूपी, अवाढव्य पेशीही दिसतात. मेदाच्या थेंबांमुळे केंद्रक दबून खाचदार झालेल्या पेशींना लिपोब्लास्ट म्हणतात. मात्र निदानासाठी त्या आढळणे अनिवार्य नाही.

जनुकीय आधार

सुविभेदित व विविभेदित लायपोसार्कोमामध्ये १२ व्या गुणसूत्रावरील एमडीएम२ व सीडीके४ या जनुकांच्या प्रती वाढलेल्या असतात. मिक्सॉइड प्रकारात १२ व्या व १६ व्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल होऊन एफयूएस व डीडीआयटी३ ही जनुके जोडली जातात. क्वचित एफयूएसच्या जागी २२ व्या गुणसूत्रावरील ईडब्ल्यूएसआर१ असते. ‘मिश्र’ मानलेल्या बहुतेक गाठींत एमडीएम२ची वाढ आढळली. त्या दोन कर्करोगांचा संयोग नसून श्लेष्मल बदल झालेले सुविभेदित किंवा विविभेदित लायपोसार्कोमाच होते.

मिक्सॉइड व बहुरूपी अशी दोन्ही लक्षणे असलेला मिक्सॉइड प्लिओमॉर्फिक लायपोसार्कोमा २०२० च्या वर्गीकरणात स्वतंत्र प्रकार म्हणून नोंदवला गेला. तो मुख्यतः मुले व तरुणांमध्ये होतो आणि अतिशय आक्रमक असतो. त्यात वरील दोन्ही जनुकीय बदल नसतात.

निदान व महत्त्व

सुईने घेतलेल्या लहान नमुन्यात गाठीचा एकच भाग येऊ शकतो. त्यामुळे शस्त्रक्रियेनंतर गाठीच्या निरनिराळ्या भागांचे नमुने तपासले जातात आणि शंका असल्यास फिश चाचणी केली जाते. उदरपोकळीमागे खरा मिक्सॉइड लायपोसार्कोमा आढळल्यास तो मांडीसारख्या अन्य ठिकाणाहून पसरला आहे का, हे पाहणे आवश्यक ठरते.

अचूक प्रकारावर उपचार अवलंबून असतात. मिक्सॉइड प्रकार किरणोपचारांना व ट्रॅबेक्टेडिन या औषधाला चांगला प्रतिसाद देतो. उदरपोकळीमागील सुविभेदित व विविभेदित प्रकारांत संपूर्ण गाठ काढून टाकणे हाच मुख्य उपचार असतो; तरीही ती त्याच जागी पुन्हा उद्भवण्याचा धोका राहतो.