प्रसाविका-व्यवसाय आणि संशोधनाचा वापर : ब्रिटनमधील अनुभवाचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :

बाळंतपणातील शुश्रूषा ही सर्व समाजांत अनुभवाच्या बळावर पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली विद्या होय. विसाव्या शतकात सुईणीच्या अनुभवाची जागा हळूहळू रुग्णालयाच्या नियमांनी घेतली. मात्र हे नियम शास्त्रीय कसोटीवर उतरलेले होते काय, हा प्रश्न फार उशिरा विचारला गेला. ब्रिटनमध्ये तो विचारण्यात खुद्द प्रसाविकांचा मोठा वाटा होता. प्रस्तुत लेखात या प्रक्रियेचा संक्षिप्त आढावा घेतला आहे.

पार्श्वभूमी :

१९०२ च्या कायद्याने इंग्लंड व वेल्समध्ये प्रसाविकांचे प्रशिक्षण व नोंदणी यांना वैधानिक स्वरूप मिळाले. त्यामुळे व्यवसायाला प्रतिष्ठा लाभली. परंतु प्रसाविकेने नियम पाळावेत, ते तपासू नयेत, अशीच सर्वसाधारण धारणा राहिली. पुढे १९७० च्या पील समितीच्या अहवालाने सर्व प्रसूती रुग्णालयात होऊ शकतील एवढी सोय असावी, अशी शिफारस केली. रुग्णालयात येणाऱ्या प्रत्येक स्त्रीचे केस काढणे, तिला एनिमा देणे आणि अनेकींच्या बाबतीत योनिमार्गालगत छेद घेणे हा नित्याचा परिपाठ होऊन बसला.

साथरोगतज्ज्ञ आर्ची कॉक्रन यांनी १९७२ च्या आपल्या ग्रंथात वैद्यकीय उपचारांची परिणामकारकता यादृच्छिक नियंत्रित चाचण्यांनी पारखावी, असे प्रतिपादन केले. १९७९ मध्ये त्यांनी प्रसूतिशास्त्राला, स्पर्धेत शेवटच्या येणाऱ्यास थट्टेने दिला जाणारा 'लाकडी चमचा' बहाल केला. पुराव्याचा वापर करण्यात ही शाखा सर्वांत मागे आहे, असा त्याचा अर्थ होता.

परिपाठाची तपासणी :

केस काढल्याने जंतुसंसर्ग टळतो, या समजुतीची कथा उद्बोधक आहे. १९२२ सालीच अमेरिकेतील ३८९ स्त्रियांच्या तुलनात्मक अभ्यासात केस काढण्याने तापाचे प्रमाण कमी होत नसल्याचे आढळले होते. तरीही हा परिपाठ पुढे अर्धशतकाहून अधिक काळ चालू राहिला. १९८० मध्ये मोना रॉमनी यांनी ब्रिटनमध्ये हाच प्रश्न पुन्हा हाती घेतला, तर १९८१ मध्ये रॉमनी व गॉर्डन यांनी एनिमाची उपयुक्तता तपासली. या उपचारांपासून अपेक्षिलेले लाभ दिसून आले नाहीत. स्त्रियांना मात्र अवघडलेपण व संकोच सोसावा लागत होता. यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. ज्ञान उपलब्ध असणे आणि ते व्यवहारात उतरणे यांत मोठे अंतर असते. ते अंतर आपोआप मिटत नाही.

छेदाचा प्रश्न अधिक गंभीर होता. आपोआप होणाऱ्या फाटीपेक्षा सरळ छेद बरा, तो लवकर भरून येतो, असे मानले जात असे. अमेरिकी प्रसूतितज्ज्ञ जोसेफ डीली यांनी १९२० मध्ये अशा प्रतिबंधात्मक छेदाचा पुरस्कार केला होता. प्रसाविका जेनिफर स्लीप व त्यांच्या सहकाऱ्यांनी वेस्ट बर्कशायरमध्ये १,००० स्त्रियांवर केलेली चाचणी १९८४ साली प्रसिद्ध झाली. छेद शक्यतो टाळण्याच्या धोरणात तो १० टक्के, तर फाट टाळण्यासाठी मुक्तपणे छेद घेण्याच्या धोरणात ५१ टक्के स्त्रियांना घ्यावा लागला. दहा दिवसांनी आणि तीन महिन्यांनी मातांच्या वेदनांत, तसेच नवजात बालकांच्या स्थितीत लक्षणीय फरक आढळला नाही. छेद टाळलेल्या गटात अजिबात इजा न झालेल्या स्त्रिया अधिक होत्या.

संशोधन वाचण्याची कसोटी :

याच चाचणीत एक अडचणीची नोंदही होती. गंभीर इजेच्या एकूण पाच घटनांपैकी चार छेद टाळणाऱ्या गटातील होत्या. जुन्या परिपाठाचा समर्थक एवढाच आकडा उचलू शकला असता. नव्या धोरणाचा उत्साही पुरस्कर्ता तो दडवू शकला असता. दोन्ही वाचने सदोष ठरली असती, कारण हजारातील पाच घटनांवरून कोणताही ठाम निष्कर्ष काढता येत नाही. १९९३ मध्ये अर्जेंटिनातील २,६०६ स्त्रियांच्या चाचणीत गंभीर इजेचे प्रमाण मर्यादित छेदाच्या गटात १.२ टक्के व सर्रास छेदाच्या गटात १.५ टक्के आढळले. सर्रास छेदाने गंभीर इजा टळते, या दाव्याला त्यातून आधार मिळाला नाही. संशोधन समजून घेणे म्हणजे केवळ निष्कर्ष पाठ करणे नव्हे. नमुना किती मोठा होता, तुलना कशाशी केली आणि कोणता परिणाम मोजला, हे विचारणे होय.

असे विखुरलेले अभ्यास एकत्र आणण्याचे कार्य ऑक्सफर्ड येथे इयन चामर्स यांच्या पुढाकाराने झाले. १९८९ मध्ये चामर्स, एन्किन व कायर्स यांनी संपादित केलेला द्विखंडात्मक ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यात कोणते उपचार लाभदायक आणि कोणते सोडून द्यावेत, यांच्या याद्याच दिल्या होत्या. १९९३ मध्ये स्थापन झालेल्या कॉक्रन सहयोगाची पायाभरणी याच कार्यातून झाली.

समारोप :

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या मार्गदर्शक शिफारशींत सर्रास केस काढणे, एनिमा व छेद यांना नकार देण्यात आला. त्याच वर्षी भारत सरकारने प्रसाविका-सेवांसंबंधी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. ब्रिटनचा अनुभव येथे उपयुक्त ठरतो. १९२२ चा अभ्यास शास्त्रीय नियतकालिकात छापला गेला होता. प्रसूतिकक्षातील स्त्रीपर्यंत मात्र तो पोहोचला नाही. ते अंतर मिटवायचे असेल, तर परिचर्या-शिक्षणात संशोधन हा केवळ परीक्षेचा विषय राहून चालणार नाही. खाटेवरील स्त्रीला जे केले जात आहे ते कशाच्या आधारे, हा प्रश्न प्रसाविकेला विचारता आला पाहिजे आणि तो ऐकून घेण्याची तयारी वरिष्ठांतही असली पाहिजे.