आमदार राखीव, पण निर्णय कुणाचा?

२३ नोव्हेंबर २०२४ च्या निकालाचा गुलाल आता धुऊन निघालाय, म्हणून शांतपणे लिहितोय.

जिल्ह्यातल्या दहापैकी नऊ जागा महायुतीला गेल्या. हातकणंगल्यात जनसुराज्यचे अशोकराव माने ४६ हजारांवर मताधिक्यानं निवडून आले. काँग्रेसचे राजू आवळे पडले. लगेच 'आता काँग्रेस संपली' सुरू झालं. जरा मागं बघा. २०१४ ला जिल्ह्यात काँग्रेस शून्य, शिवसेना सहा. २०१९ ला भाजप शून्य, काँग्रेस चार. आपला जिल्हा कुणालाच कायमचा सातबारा लिहून देत नाही.

हातकणंगल्याचंही तसंच. २००९ पूर्वी हा वडगाव राखीव मतदारसंघ. जयवंतराव आवळेंचं इथं वजन, तरी २००४ ला जनसुराज्यचे राजीव आवळे आले. पुनर्रचनेनंतर २००९ आणि २०१४ ला शिवसेनेचे सुजित मिणचेकर. २०१९ ला जयवंतरावांचे चिरंजीव राजू आवळे. त्याच वर्षी तिसऱ्या नंबरला राहिलेले माने आता आमदार!

पक्ष बदलले, एक गोष्ट बदलली नाही. जागा अनुसूचित जातीसाठी राखीव, पण पारावर चर्चा असते ती कुठल्या नेत्याचा गट कुणाकडं वळला याचीच. तिकीट ठरतं ते कारखाना, दूध संघ, बँक ज्यांच्या हातात त्यांच्या बैठकीत. वस्तीवरच्या माणसाला नाव कळतं ते पेपरातनं.

हे ज्या तालुक्यात घडतं, त्याच तालुक्यात माणगाव आहे. २१ आणि २२ मार्च १९२० ला तिथं अस्पृश्यांची परिषद भरली. अध्यक्ष होते २८ वर्षांचे डॉ. आंबेडकर. शाहू महाराज स्वतः आले आणि तुम्हाला तुमचा पुढारी मिळाला, म्हणून त्यांनी जाहीर आनंद व्यक्त केला. आपला पुढारी आपल्यातनं, आपण निवडायचा, हा त्या परिषदेचा गाभा.

१९३२ च्या पुणे करारानं राखीव जागा आल्या, पण मतदान सगळ्यांचं एकत्र. त्यामुळं आमदाराला सगळा मतदारसंघ सांभाळावा लागतो, हे खरंच. पण म्हणून वस्तीचा प्रश्न शेवटी का? वसतिगृह, घरकुल, स्मशानभूमीची वाट हे विषय प्रचारात किती वेळा ऐकलेत, आठवून बघा.

हा सवाल एकट्या माने साहेबांना नाही. याआधीच्यांना होता, पुढच्यांनाही राहील. तुमच्या वस्तीवर गेल्या पंधरा वर्षांत काय झालं, गावाच्या नावासकट कमेंटमध्ये लिहा. पक्षाचं नाव नको.