रुपयामागे चार पै

विजयादशमीला पाटीवर एकाचे आकडे मांडून सरस्वती काढावयाची, तिला हळदकुंकू आणि झेंडूचे फूल वाहावयाचे, ही चाल आपल्याकडे अजून घरोघर आहे. त्या पाटीच्या पाठीशी जी शाळा उभी असते, तिची आठवण मात्र त्या दिवशी कोणाला होत नाही. शाळा ही सरकारची. सरकारने ती बांधावी, सरकारने चालवावी, आणि छप्पर गळू लागले म्हणजे आपण सरकारला बोल लावावा, असा आपला सर्वांचा समज. सोलापूर शहराच्या आणि जिल्ह्याच्या शाळांचा दीडशे वर्षांचा जमाखर्च मांडून बसले, तर हा समज टिकत नाही. ही शाळा आरंभापासून लोकांच्या पैशावर चालत आली आहे. मग ती लोकांची झाली काय, आणि झाली तर कोणत्या लोकांची, हा खरा प्रश्न.

१८१८ साली पेशवाई बुडाली आणि सोलापूरचा किल्ला इंग्रजांच्या हाती गेला. त्या काळी शाळा म्हणजे पंतोजींची शाळा. देवळाच्या ओवरीत, नाही तर एखाद्या सावकाराच्या पडवीत ती भरावयाची. धूळपाटीवर अक्षरे गिरवावयाची, पावकी-निमकी घोकावयाची, मोडीचे वळण हाताला लावून घ्यावयाचे, आणि कान पिळून घेण्याची तयारी ठेवावयाची. पंतोजींची बिदागी थोडी रोख, बरीचशी धान्यात, सणावारी शिधा. या शाळेवर कोणा सरकारचा हुकूम चालत नसे. ती गावाची होती. पण गावाची म्हणजे गावातल्या चार वाड्यांची. ब्राह्मण, वाणी, आणि जेथे लिहिण्यावाचून अडते अशा घरचे मुलगे तेवढे तेथे बसत. मुलींचे नाव नको. नांगर धरणाऱ्याचा मुलगा क्वचित. आणि गावकुसाबाहेरच्या मुलाला तर ओवरीची पायरीही चढता येत नसे.

या व्यवस्थेत पहिला पालट झाला तो पैशाच्या वाटेने. १८६३-६४ च्या सुमारास मुंबई इलाख्यात सरकारने लोकल फंड सुरू केला. शेतसाऱ्याच्या दर रुपयामागे एक आणा जादा उपकर घ्यावयाचा. त्याचे दोन हिस्से रस्ते आणि इतर कामांना, एक हिस्सा शिक्षणाला. आण्याच्या बारा पै; तेव्हा रुपयाभर सारा भरणाऱ्या कुणब्याच्या पदरच्या चार पै शाळेसाठी जाऊ लागल्या. खेड्यातली माणसे पुढे कितीतरी वर्षे ‘लोकल फंडाची शाळा’ असेच म्हणत. त्या नावातच शाळेचा धनी कोण हे सांगितलेले होते. नाव घेणाऱ्याच्या ते ध्यानात येत नसे, इतकेच.

मौज अशी की चार पै देणाऱ्याचा मुलगा शाळेत फारसा दिसत नसे. सोलापूर हा अवर्षणाचा मुलूख. १८७६-७७ च्या दुष्काळात येथली गावेच्या गावे उठून गेली. ज्या घरात दोन वेळची भाकरी नाही, त्या घरचा पोर गुरांमागे जाणार की धुळाक्षरांमागे? महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे जे निवेदन दिले, त्यात नेमके याच दुखण्यावर बोट ठेवले होते. पैसा रयतेच्या घामाचा, आणि त्याचा लाभ वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणाला. हा न्याय उलटा आहे, म्हणून बारा वर्षांपर्यंतचे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, अशी त्यांची मागणी होती. ती कायद्यात उतरावयास पुढे किती वर्षे जावी लागली, हे आपण जाणतोच.

हंटर आयोगानंतर, १८८४ पासून, प्राथमिक शाळा लोकल बोर्डांच्या आणि नगरपालिकांच्या हवाली झाल्या. सोलापूरची नगरपालिका १८५२ सालची. तिच्या पदरी शाळा आल्या तेव्हा शहराचे रूप पार पालटू लागले होते. १८६० साली आगगाडी आली. १८७७ साली ती गिरणी उभी राहिली, जिला पुढे सारे गाव ‘जुनी मिल’ म्हणू लागले. मागाहून नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू अशा गिरण्या झाल्या. तेलंगणातून पद्मशाली विणकर आले आणि घरोघर हातमागांची खटखट सुरू झाली. पोट भरावयास माणसे आली ती आपापली भाषा घेऊन. एका गल्लीत मराठी, दुसरीत कानडी, तिसरीत तेलुगू, चौथीत उर्दू. या गावात शाळा काढावयाची म्हणजे आधी विचारावे लागे, कोणत्या भाषेची?

आणि दुसरा प्रश्न त्याहून अवघड होता. मुलगा शाळेला मोकळा आहे काय? १८८१ च्या कारखाना कायद्याने सात वर्षांखालील मुलांना गिरणीत घेण्यास बंदी केली. म्हणजे सात पुरी झाली की मार्ग मोकळा! १८९१ साली ही मर्यादा नऊ झाली आणि १९२२ साली बारा. कायद्याने एकेक पायरी चढावी आणि तेवढी मुले गिरणीच्या दारातून मागे फिरावी, असे ते चालले होते. हातमागाच्या घरात तर कायद्याचा शिरकावच नव्हता. तेथे माग बापाचा, आणि कांड्या भरावयाचे काम आईचे व मुलांचे. मूल शाळेत गेले की तेवढे सूत मागे पडे. मास्तर हजेरी घेत तेव्हा गैरहजर मुलाच्या नावापुढे फुली पडे. त्या फुलीमागे एका घरची संध्याकाळची भाकरी असे.

१९१८ साली विठ्ठलभाई पटेलांच्या खटपटीने नगरपालिकांना प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची मुभा देणारा कायदा झाला. १९२३ च्या कायद्याने जिल्हा लोकल बोर्डेही त्यात आली आणि शाळांचा कारभार पाहण्यास ‘स्कूल बोर्ड’ नावाची संस्था उभी राहिली. आजच्या वाचकाला तिचे मोठेपण सहज उमगणार नाही. कलेक्टर गावाला ऐकत नसे. स्कूल बोर्डाचा सभासद मात्र मतांच्या वाटेने आलेला, त्याला बाजाराच्या दिवशी वाटेत अडवता येई. आमच्या वस्तीला मास्तर द्या, आमच्या मुलींना बाई द्या, शाळा चावडीतून हलवा. ही गाऱ्हाणी आता गावच्याच माणसापुढे मांडता येऊ लागली. बोर्डात राजकारण शिरले, बदल्यांसाठी वशिले लागू लागले, हेही खरे. पण ज्या गोष्टीसाठी माणसे भांडतात ती गोष्ट त्यांना आपली वाटू लागलेली असते.

आता या हकीगतीतला जो भाग सांगताना मान खाली जाते, तो सांगितला पाहिजे. गावाने शाळेला जागा दिली ती कोठली? देवळाची, मठाची, चावडीची. जागा देताना मन मोठे होते. पण त्या जागेबरोबर तिचा विटाळही शाळेत आला. लोकांचा हातभार जितका मोठा, तितकी लोकांची रूढीही बळकट! १८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाला प्रवेश नाकारला गेला; त्याचा खल पार विलायतेपर्यंत पोचला, तरी निकाल गावाच्या मर्जीवरच राहिला. पुढे प्रवेश मिळू लागला, तोही पुष्कळ ठिकाणी दाराबाहेरचा. वर्ग आत, आणि ही मुले व्हरांड्यात. पाटी तपासावयाची ती लांबून. पाण्याला तर हातच लावावयाचा नाही. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळात सीताराम केशव बोले यांचा ठराव संमत झाला: सार्वजनिक पैशाने चालणारे पाणवठे, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना मोकळ्या असाव्यात. ठराव झाला, व्हरांडा राहिला.

अशा वेळी सोलापुरात जे घडले त्याची आठवण या शहराने जतन करावी अशी आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली आणि तिचे वसतिगृह काढले ते सोलापुरात, ४ जानेवारी १९२५ रोजी. माध्यमिक शाळेत शिकणाऱ्या अस्पृश्य मुलांच्या राहण्याजेवण्याचा, कपड्यांचा, वह्यापुस्तकांचा भार सभेने उचलला. सोलापूर नगरपालिकेने या वसतिगृहाला मासिक ४० रुपयांचे अनुदान दिले. त्या मुलांनी ‘सरस्वती विलास’ नावाचे मासिकही चालवले. ४० रुपयांची रक्कम काही डोळे दिपवणारी नव्हे. पण ती जकातीच्या आणि घरपट्टीच्या, म्हणजे साऱ्या गावाच्या पैशातली होती. जे गाव एका हाताने व्हरांड्यात बसवत होते, त्याच गावाच्या नगरपालिकेने दुसऱ्या हाताने हे दिले. सार्वजनिक पैसा खऱ्या अर्थाने सार्वजनिक होण्याची ती सुरुवात होती.

स्वातंत्र्यानंतर गाडी भरधाव निघाली. १९४७ चा नवा प्राथमिक शिक्षण कायदा आला. शाळांवर ‘जीवन शिक्षण मंदिर’ अशा पाट्या चढल्या आणि मुलांच्या हाती टकळ्या आल्या. १९५२ पासून विकास योजनेच्या दिवसांत गावोगाव श्रमदान झाले. दगड कोणी आणला, बैलगाडी कोणी दिली, वासा कोणी दिला, आणि शाळेची खोली उभी राहिली. बार्शीला मामासाहेब जगदाळे यांनी १९३४ साली स्थापलेल्या श्री शिवाजी शिक्षण प्रसारक मंडळाने खेड्यातल्या मुलांना शहरात राहून शिकण्याची सोय केली होती. त्या झाडाला आता फांद्या फुटल्या. १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा आल्या, स्कूल बोर्ड मागे पडले, आणि लोकल फंडाची शाळा ‘झेडपीची शाळा’ झाली. दोन वर्षांनी, १९६४ साली, सोलापूर नगरपालिकेची महानगरपालिका झाली. भाषावार प्रांतरचनेत सीमेवर एवढे रण माजले, तरी मराठी, कानडी, तेलुगू आणि उर्दू अशा चारही भाषांच्या शाळा सोलापूरच्या एकाच तिजोरीतून चालत राहिल्या. या गोष्टीचा गवगवा झाला नाही. म्हणूनच ती नोंदवावीशी वाटते.

त्या दिवसांतल्या खेड्यातल्या मास्तरांचे काय वर्णन करावे! सकाळी रुळाच्या तुकड्यावर घण मारून घंटा द्यावयाची. न आलेल्यांना आणावयास चार पोरे वाडीवर धाडावयाची. दुपारी दुधाच्या भुकटीचे दूध कालवून पाजावयाचे. पुष्कळ गावी टपालाची पिशवीही मास्तरांकडेच. तेव्हा मनिऑर्डर वाचून दाखवणे, मुंबईच्या लेकाला पत्र लिहिणे, सासरच्या लेकीची खुशाली कळवणे, हे सारे त्यांच्याच माथी. शिरगणती आली की मास्तर. मतदान आले की शाळा हेच केंद्र आणि मास्तर तेथेही हजर. हुरड्याचे दिवस आले की पट निम्म्यावर यावयाचा, आणि शाळूची काढणी झाल्याखेरीज तो भरावयाचा नाही. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’तला तरुण मास्तर वाचकांनी १९५५ पासून मनात जपला आहे. सांगोल्याकडच्या माणसाला तो पुस्तकातला वाटत नाही, ओळखीचा वाटतो.

व्हरांड्याचे पुढे काय झाले? तो एका दिवसात गेला नाही. कायद्याने अस्पृश्यता गेली १९५० साली; मनातून जावयास वेळ लागला. या कामी एका साध्या गोष्टीने मोठा हात दिला असे म्हणावेसे वाटते. १९९५ साली शाळेत जाणाऱ्या मुलांना महिन्याला तीन किलो तांदूळ देण्याची योजना आली. २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने शिजवलेले अन्न द्या असा आदेश दिला, आणि थोड्याच काळात शाळाशाळांतून खिचडीची पातेली चढली. गावच्या बचत गटातल्या बाया स्वयंपाक करू लागल्या. मुले एका रांगेत बसतात, एकाच पातेल्यातले जेवतात. सगळीकडे हे सुरळीत झाले असे नाही. कोणी शिजवावे यावरून कुरबुरी झाल्याच. तरीही, ज्या गावात एका भांड्याने पाणी पिणे घडत नव्हते, तेथे रोज दुपारी अशी पंगत बसते, ही गोष्ट लहान नव्हे.

शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्याने प्रत्येक शाळेला व्यवस्थापन समिती दिली. तीत तीन चतुर्थांश जागा पालकांच्या आणि निम्म्या स्त्रियांच्या. पंतोजींच्या ओवरीत जिला प्रवेश नव्हता, ती आता शाळेच्या हिशेबावर सही करते. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना ३ डिसेंबर २०२० रोजी दहा लक्ष डॉलरांचे जागतिक शिक्षक पारितोषिक मिळाले. निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून देण्याचे जाहीर केले, तेव्हा साऱ्या जगाने या जिल्ह्याच्या एका वाडीचे नाव ऐकले. चार पैंवर वाढलेल्या शाळेचा तो मान होता.

पण नेमक्या याच काळात दुसरीही गोष्ट घडत आहे. सकाळी गावच्या वेशीवर पिवळी गाडी येते, टाय बांधलेली मुले तीत बसून इंग्रजी शाळेला जातात, आणि झेडपीच्या शाळेचा पट ओसरतो. २०१७ साली राज्य सरकारने दहापेक्षा कमी पट असलेल्या तेराशेहून अधिक शाळा जवळच्या शाळांत मिळवून टाकण्याचे ठरवले. पालकांना दोष देण्यात अर्थ नाही. आपल्या मुलाचे बरे व्हावे असे कोणाला वाटणार नाही? मात्र ज्या घरात बोलण्याची धमक आहे, त्या घरची मुले आधी निघून जातात. मागे राहतात ती ऊसतोडीला जाणाऱ्यांची, विड्या वळणाऱ्या बायांची, मोलमजुरांची. मग समितीच्या सभेला येऊन हिशेब विचारणार कोण? व्हरांड्याची भिंत पाडली. आता सारा वर्गच व्हरांडा होऊन बसावयाचा.

आपण पैसे देत नाही असे नाही. आयकरावर २००४ पासून शिक्षणाचा उपकर आहे. २०१८ पासून तो आरोग्यासह चार टक्के झाला. रुपयामागच्या चार पै आजही चुकल्या नाहीत. परंतु पैसा नुसता देऊन शाळा आपली होत नाही, हे तर गेल्या दीडशे वर्षांच्या हिशेबाने दाखवले आहे. कुणबी पैसे देत होता आणि त्याचा मुलगा गुरांमागे होता, तोवर शाळा त्याची नव्हती. त्याचा मुलगा आत येऊन बसला, त्याच्या शेजारी महारामांगाचा मुलगा येऊन बसला, विणकराची मुलगी येऊन बसली, तेव्हा कोठे ती गावाची होऊ लागली. शाळेला गावाने द्यावयाची खरी वर्गणी पैशाची नाही, मुलांची आहे. येत्या विजयादशमीला पाटी पुजताना या वर्गणीचा विचार ज्याने त्याने आपल्या घरी करावा.